लॅपटॉपला आधीच्या मालकाचे कुलूप असेल तर



थळ हे नाव आपणांस उज्ज्वला युरियामुळे ठाऊक आहे. अलिबागजवळच्या त्या खत कारखान्याच्या परिसरात आपल्या एका सभासदांचा मुलगा कामानिमित्त खोली घेऊन राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याने मुंबईत एक जुना लॅपटॉप घेतला. पैसे वडिलांनी उसाच्या बिलातून दिलेले. दुकानात यंत्र झकास चालले. खोलीवर आणून नवे विंडोज टाकावयास पेन ड्राइव्ह लावला, तर काळ्या पडद्यावर पासवर्डची मागणी! वडील आमचेकडे विचारीत आले, "हे तोडून देणारा कोणी आहे का?"

तोडण्याचे आधी हे कुलूप कोठे असते ते पाहू. हंगामात अगोदर बॉयलर पेटतो, वाफ धरते, मग गव्हाणीत मोळी पडते. लॅपटॉपचेही तसेच आहे. बटण दाबताच विंडोजच्या आधी मदरबोर्डवरील चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, मेमरी, डिस्क, कीबोर्ड तपासतो आणि मग विंडोजला बोलावतो. यास फर्मवेअर म्हणतात. बाजारात बायोस हेच नाव रुळले आहे. विंडोज पुसून नवे टाकले तरी हा पासवर्ड जात नाही, कारण तो डिस्कवर नसतोच.

त्यातही प्रकार आहेत. एक पासवर्ड फक्त सेटिंग बदलू देत नाही, यंत्र एरवी चालते. आपल्या मुलाचे हेच झाले होते. दुसरा यंत्र सुरूच होऊ देत नाही. तिसरा खुद्द डिस्कचा. तो असला तर डिस्क दुसऱ्या यंत्रात लावूनही उघडत नाही.

"आतला सेल काढा, पासवर्ड जातो," असे सांगणारे गावोगाव भेटतात. ही गोष्ट अगदीच खोटी नाही, पण जुनी आहे. १९८४ साली आयबीएमचा एटी संगणक आला, त्यात सेटिंग सेलवर जगणाऱ्या मेमरीत राहत असे. तशा टेबलावरच्या संगणकांत सेल काढला की सगळे विसरले जाई. पुष्कळ लॅपटॉपांत मात्र पासवर्ड विजेशिवाय टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवतात. तेथे सेल काढून घड्याळ तेवढे मागे पडते, आणि उघडताना कीबोर्डची नाजूक पट्टी तुटली तर तो खर्च वेगळा.

कोणी चिप नव्याने लिहून देतो म्हणतात. जमले तर जमले. चुकले तर बोर्ड गेला. शिवाय यंत्राचा सिरियल नंबर पुसला गेला, तर मालकी दाखवायची कशी?

कारण सारा प्रश्न मालकीचाच आहे. शेताला जसा सात-बारा, तसे येथे खरेदीचे बिल. लेनोवो कंपनीच्या थिंकपॅडच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिले आहे की सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास कंपनी तो काढून देत नाही. मदरबोर्ड बदलावा लागतो, तोही बिल दाखवून आणि पैसे भरून. इंटेलवर चालणाऱ्या मॅकसाठी ॲपलही मूळ बिल मागते. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये हा पासवर्ड नाही, पण आधीच्या मालकाचे खाते काढलेले नसेल तर तेही कुलूपच समजावे. ही अडवणूक वाटेल, पण उद्या आपलाच लॅपटॉप एस. टी. त चोरीला गेला तर ती आपल्याच बाजूची आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

म्हणून पहिला आणि स्वस्त मार्ग म्हणजे विकणाऱ्यास गाठणे. असे बरेच लॅपटॉप ऑफिसांतून लॉटने निघतात व पासवर्ड तेथल्या संगणक विभागाने घातलेला असतो. गेटवेची लाँच पावसाळ्यात बंद, तेव्हा मुलगा वडखळमार्गे एस. टी. ने मुंबईस गेला व यंत्र दुकानदारापुढे ठेवले. दुकानदार आधी हात झटकत होता. बिलावर सिरियल नंबर लिहिलेला होता म्हणून मग मूळ ऑफिसला फोन झाला आणि तीन आठवड्यांनी पासवर्ड मिळाला. नंबर लिहिला नसता तर काय, हे सांगावयास नकोच.

जुना लॅपटॉप घेताना विंडोज दिसले म्हणजे झाले असे समजू नये. दुकानातच यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे व लगेच सेटिंगची कळ दाबावी: डेलला बहुधा एफ-२, थिंकपॅडला एफ-१, एचपीला एफ-१०. पासवर्ड न मागता सेटिंग उघडले पाहिजे, आणि तेथला सिरियल नंबर खालच्या पट्टीशी व बिलाशी जुळला पाहिजे.

ज्यांचा स्वतःचाच लॅपटॉप अडला आहे, त्यांनी मदरबोर्ड बदलावयास देण्यापूर्वी एक पाहावे. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर नवा बोर्ड बसताच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. मोबाइलवरून खाते उघडून ती आधी वहीत उतरवून घ्यावी, मगच यंत्र दुरुस्तीस द्यावे.