पाच गोळ्यांच्या ग्रुपवर किती विसंबायचं?

"सॅम्पल किती घेऊ?" सिनॉप्सिस लिहिताना हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि लॅबमधल्या सीनिअरकडून बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "सगळे तीन घेतात, तूही तीन घे." आज या प्रश्नाकडे जरा आडवाटेनं जाऊ. उदाहरण आहे रिव्हॉल्व्हरच्या हलक्या काडतुसांचं. हेच का? कारण इथे तुमचा डेटा म्हणजे कागदावरची भोकं. ती डोळ्यांना दिसतात, फुटपट्टीनं मोजता येतात, आणि तरीही ती माणसाला सहज फसवतात.

आधी पार्श्वभूमी. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं. प्रिसिजन टप्प्याच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, त्याच्या आतलं 'इनर टेन' २५ मिलिमीटरचं. इथे गोळीला जोर नको असतो, सातत्य हवं असतं. म्हणून दारू कमी भरलेलं, धक्का कमी देणारं हलकं काडतूस, आणि कागदात गोल, स्वच्छ भोक पाडणारी सपाट तोंडाची 'वॉडकटर' गोळी. अमेरिकेत कित्येक नेमबाज अशी काडतुसं घरीच भरतात. आपल्याकडे तसं नाही: शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्याच्या काडतुसांवर 'केएफ' ठसा असतो, नेमबाज असली तयार काडतुसं घेतो. शिवाय कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यातली पॉइंट टू-टू काडतुसं मुळात पुन्हा भरताच येत नाहीत. तिथे नेमबाज वेगवेगळे 'लॉट' तपासून आपल्या पिस्तुलाला मानवेल तो निवडतात. भरणं असो की लॉट निवडणं, प्रश्न एकच: यातलं कुठलं खरंच चांगलं?

हातानं भरणाऱ्याची नेहमीची पद्धत अशी. छापील तक्त्यात दिलेल्या मर्यादेत राहून दारूचं वजन थोडं थोडं बदलायचं, समजा सहा पायऱ्या. (तक्त्यातल्या किमान मर्यादेच्या खाली कोणी जात नाही. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि त्यावर पुढची गोळी झाडली की हात आणि डोळे दोन्ही धोक्यात.) प्रत्येक पायरीच्या पाच गोळ्या झाडायच्या, सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं आणि ज्याचा ग्रुप सर्वांत लहान ते काडतूस 'विजेता'. ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली, मोजमाप केलं, निष्कर्ष काढला.

आता जरा गणित करू. समजा सहाही काडतुसं तंतोतंत सारखी आहेत, काहीच फरक नाही. प्रत्येक दिशेतलं स्टँडर्ड डेव्हिएशन १० मिलिमीटर धरा. पाच गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी येते साधारण ३१ मिलिमीटर. पण ही रुंदी ग्रुपागणिक हलते, आणि तिचं स्वतःचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८ मिलिमीटरच्या आसपास असतं. मग सहा ग्रुपांतला सर्वांत लहान निघेल सुमारे २१ चा आणि सर्वांत मोठा सुमारे ४२ चा. म्हणजे दुप्पट फरक, आणि तोही जिथे फरक शून्य आहे तिथे! तुम्ही २१ वाल्याच्या डबीवर 'बेस्ट' लिहाल, पुढच्या आठवड्यात तेच झाडाल, आणि ग्रुप बहुधा परत तिशीच्या आसपास येईल. मग दोष हवेला, दोष हाताला, दोष प्रायमरच्या नव्या पाकिटाला. पायलट स्टडीत सहा कंडिशन, प्रत्येकी तीन रीडिंग, त्यातली सर्वांत छान कंडिशन उचलून तिच्यावर पीएचडीची पुढची दोन वर्षं उभी करणं हे याच जातीचं काम आहे.

क्रोनोग्राफनं गोळीचा वेग मोजला तरी सुटका नाही. पाच गोळ्यांच्या वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन सेकंदाला ५ मीटर आलं असं धरा. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा त्याच्या ०.६ पटीपासून २.९ पटीपर्यंत जाते, म्हणजे खरा आकडा ३ असेल किंवा १४ सुद्धा. तीस गोळ्या झाडल्यात तर हीच मर्यादा ०.८ ते १.३४ पट एवढी आवळते. सरासरी काढायला थोडे नमुने कसेबसे पुरतात, पसरट किती आहे हे सांगायला खूप लागतात. ही गोष्ट आपल्या एमएस्सीच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात होती, पण तिथे ती कोणाच्या अंगाला लागत नाही.

मग उपाय काय, नुसते नमुने वाढवायचे? इथेच मला हे उदाहरण सर्वांत जास्त आवडतं. समजा नेमबाजाच्या हाताचा पसारा २० मिलिमीटर आहे आणि काडतुसाचा ८. पसारे थेट बेरजेत जात नाहीत, वर्ग करून जातात. ४०० अधिक ६४, त्याचं वर्गमूळ साडेएकवीस. आता तुम्ही मेहनत करून काडतुसाचा पसारा निम्मा केलात, ४ वर आणलात. एकूण झाला २०.४. फरक जेमतेम पाच टक्के. हा पाच टक्के फरक खात्रीनं पकडायला प्रत्येक काडतुसाच्या हजाराहून जास्त गोळ्या झाडाव्या लागतील. दोन्ही मिळून दोन हजारांच्या वर. खिसाही रिकामा आणि मनगटही.

आता रिव्हॉल्व्हर हातात न धरता टेबलाला पक्क्या बसवलेल्या यांत्रिक पकडीत धरा. हाताचा पसारा गेला, हत्याराचा स्वतःचा ५ मिलिमीटर उरला असं माना. एक काडतूस देईल ९.४, दुसरं ६.४. आता फरक तिसऱ्या हिश्श्याइतका आहे आणि प्रत्येकी वीसेक गोळ्यांत तो दिसतो. हजारावरून वीस! नमुने तेवढ्याच जातीचे, फक्त मधला मोठा गोंगाट काढून टाकला. "किती सॅम्पल?" विचारण्याआधी "माझ्या मोजमापात सर्वांत मोठा गोंगाट कुठून येतोय?" हे विचारायला हवं ते यासाठी.

पकडीत धरलं तरी रिव्हॉल्व्हरच्या काही खोड्या राहतातच. सहा चेंबर असतात आणि प्रत्येक चेंबर नळीशी केसभर वेगळा जुळतो. म्हणून जाणकार माणूस चेंबरवर खुणा करतो आणि कुठली गोळी कुठल्या चेंबरमधून गेली ते लिहून ठेवतो. वीसऐवजी चोवीस झाडा, प्रत्येक चेंबरमधून चार. आपल्या भाषेत याला ब्लॉकिंग म्हणतात. दुसरी खोडी क्रमाची: हलक्यापासून जडापर्यंत ओळीनं झाडत गेलात तर शेवटच्या पायरीपर्यंत नळीत शिसं बसलेलं असतं, आणि दोष दारूच्या वजनाला लागतो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तिसरी खोडी मला सर्वांत मजेशीर वाटते. पॉइंट थ्री-एट स्पेशलसारख्या पुंगळ्या काळ्या दारूच्या काळातल्या मापाच्या आहेत. त्यात आजची धूरविरहित दारू हलक्या काडतुसापुरती चिमूटभर टाकली की बाकी जागा मोकळी राहते. नळी वर करून आडवी केली तर दारू प्रायमरकडे सरकते, खाली करून वर आणली तर गोळीकडे, आणि तेवढ्यानं वेग बदलू शकतो. स्पर्धेतल्या रॅपिड टप्प्यात नेमबाजाचा हात आधी खाली झुकलेला असतो, मग वर येतो. पकडीतलं रिव्हॉल्व्हर मात्र सतत आडवं. म्हणजे टेबलावरचा विजेता मैदानात वेगळा वागू शकतो. गोंगाट काढताना वापराची परिस्थितीही काढून टाकली का, हे तपासावं लागतं. इथे दर गोळीआधी नळी तशीच झुकवून वर आणली की काम होतं.

बंदुकांशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनी आरे कॉलनीत या. १९४९ पासून इथे म्हशींचे तबेले आहेत, नंबर घातलेल्या युनिटांत. समजा नवीन पेंडीनं दूध वाढतं का हे पाहायचंय. पाच म्हशींना जुनी, पाचांना नवी दिली तर काय होईल? एक म्हैस मुळातच दुसरीपेक्षा कितीतरी जास्त दूध देते, पेंडीचा फरक त्यात बुडून जातो. हा नेमबाजाचा थरथरता हात. यांत्रिक पकड इथे कुठली? तीच म्हैस! प्रत्येक म्हशीला दोन्ही पेंडी आळीपाळीनं द्या आणि तिची तुलना तिच्याशीच करा. पण व्यायल्यावर काही आठवड्यांनी दूध आपोआप उतरत जातं, म्हणून निम्म्यांना आधी जुनी, निम्म्यांना आधी नवी. शिवाय मध्ये काही दिवस जाऊ द्या, आधीच्या पेंडीचा परिणाम ओसरेपर्यंतचं दूध हिशेबात धरू नका. याला क्रॉसओव्हर डिझाइन म्हणतात, आणि धारेची वेळ व धार काढणारा माणूस मध्येच बदलला तर ते नळीतल्या शिशासारखं आहे हे तुम्हाला आता सांगायला नको.

तेव्हा सिनॉप्सिसच्या 'मेथडॉलॉजी'त आकडा टाकण्याआधी एक छोटं काम करा. एकच नमुना, तोच, दहा वेळा मोजा. मग दहा वेगवेगळे नमुने एकेकदा मोजा. दोन्ही पसारे शेजारी लिहा. पहिला मोठा निघाला तर गाइडकडे नमुने मागायला जाऊ नका, आधी उपकरणाच्या खोलीत जा. दुसरा मोठा निघाला तर तुमची 'तीच म्हैस' कोण आहे ते शोधा. आणि सहा कंडिशनमधून एक निवडलीच असेल, तर तिचं पहिलं रीडिंग बाजूला ठेवून तीच कंडिशन नव्यानं मोजा. थीसिसमध्ये तो दुसरा आकडा जाऊ दे.