रहाटाला जुंपलेली बुद्धि

संगणकाला समजेल अशा भाषेंत काम सांगणें म्हणजे प्रोग्राम लिहिणें. आतां हें सांगण्याचें कामहि यंत्राकडेच सोंपविलें जात आहे. ज्याला ‘एजंट’ म्हणतात, तें कृत्रिम बुद्धिमत्तेचें साधन फाइली वाचतें, त्यांत फेरफार करतें, प्रोग्राम चालवून पाहतें आणि चूक दिसल्यास ती सुधारूं पाहतें. परंतु थोडें काम झालें, कीं तें थांबतें व मालकाच्या उत्तराची वाट पाहतें. त्यासाठीं मालकानें रात्रभर जागत कां बसावें, हा प्रश्न साहजिकच उद्भवला.

२०२३ सालच्या ‘ऑटो-जीपीटी’ या प्रयोगांत यंत्रानेंच स्वतःला पुढचें काम सांगावें, अशी योजना होती. तें पुष्कळदां एकाच ठिकाणीं घोटाळत राही, आणि वापराचें बिल मात्र वाढे. २०२५ च्या जुलैंत जेफ्री हंटली या प्रोग्रामरनें याहून साधी युक्ति प्रसिद्ध केली. एकच सूचना-फाइल एजंटापुढें ठेवावयाची. काम संपलें, कीं तीच पुन्हां ठेवावयाची. ही अखंड फेरी चालविणारी आज्ञा अवघी एका ओळीची आहे. ‘सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेंतील राल्फ या भाबड्या मुलाचें नांव तिला मिळालें. याच रीतीनें सुमारें तीन महिन्यांत हंटली यांनीं ‘कर्स्ड’ नांवाची एक नवी प्रोग्रामिंग भाषा करवून घेतली.

तेंच तें पुन्हां सांगून काय साधतें? विहिरीवरील रहाट आठवावा. प्रत्येक गाडगें रिकामें होऊनच खालीं जातें. पाणी वाहतें तें पाटांतून. लांबलेल्या संभाषणांत जुन्या चुकांची व सोडलेल्या बेतांची गर्दी होऊन यंत्राचें लक्ष ढळतें. म्हणून प्रत्येक फेरी कोऱ्या पाटीनें सुरू होते. मागें काय झालें, तें एजंटाला आठवत नाहीं. तें फाइलींत लिहिलेलें असतें. सूचनाहि एवढीच, कीं यादींतील एक काम घे, कर, तपास आणि नोंद कर.

सारी मदार आहे ती ‘तपास’ या शब्दावर. प्रोग्राम बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविणाऱ्या चाचण्या एजंटाच्याच हातीं असल्या, तर अडणारी चाचणीच पुसून टाकण्याचा, किंवा अपेक्षित उत्तर जसेंच्या तसें लिहून मोकळें होण्याचा मार्ग तो कधीं कधीं काढतो. उत्तरपत्रिका तपासण्यासाठीं परीक्षार्थ्याच्याच हातीं द्यावी, तसें हें! २०२५ च्या जुलैंतच अमेरिकेंत दुसऱ्या एका एजंटानें, कांहींहि बदलूं नये अशी स्पष्ट ताकीद असतां, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. रात्रीच्या फेरींत ‘थांब’ म्हणणारें कोणीच नसतें.

यास्तव जाणते लोक ताकिदीवर विसंबत नाहींत. एजंटाला बंदिस्त जागेंत ठेवतात, खऱ्या माहितीच्या किल्ल्या देत नाहींत, आणि फेऱ्यांची व खर्चाची मर्यादा बाहेरून घालतात. सकाळीं नोंदी पाहतांना आधीं चाचण्यांची फाइल उघडावी. तेथेंच रात्रीं हात फिरला असेल, तर बाकीच्या फाइली वाचण्याची घाई नको.