काळ्या सुळक्यांची खोली

परवा एका सर्किट बोर्डाच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत गेलो होतो. भिंतींवर, छतावर, सगळीकडे काळ्या स्पंजचे सुळके. सोबतच्या पोरानं विचारलं, "सर, हे आवाजासाठी ना?"

नाही! दिसतात स्टुडिओसारखेच, पण या स्पंजात कार्बन मुरवलेला असतो. तो मायक्रोवेव्ह लहरी गिळतो आणि त्यांची किंचित उष्णता होते.

मग नुसतं काजळ फासलं तर? फसतं. कार्बन जास्त झाला की थर धातूसारखा वागतो, लहर दारातूनच परत फिरते. हवेचा लहरींना असलेला अवरोध 377 ओहम. थराचाही त्याच्या जवळपास हवा, तरच ती आत शिरते.

इथे चुंबकीय पदार्थ कामाला येतो. ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्याच अतिपातळ पापुद्र्यावर, मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे, नॅनोकण बसवले की अवरोध जुळवणं सोपं जातं. शिवाय लहरीचं चुंबकीय अंगही खर्ची पडतं.

कण इतके बारीक कशाला? लोखंडासारख्या धातूच्या मोठ्या कणांत भोवरा-प्रवाह उठतात आणि लहर पृष्ठभागावरच अडते.

फायदा जाडीत. सुळके फूटभर, हा थर दोन-तीन मिलिमीटर.

शोधनिबंधांत परावर्तनाचे उणे 60 डेसिबल वगैरे आकडे झळकतात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. उणे 20 म्हणजेच 99 टक्के शोषण झालं की! किती रुंद वारंवारता-पट्ट्यात, ते सांगा.