5 आणि 25

गाडी थांबते, पण आतून कोणी उतरत नाही. आधी बसल्या जागेवरून भोवतीची 5 मीटर जमीन नजरेने चाळायची. ताजी उकरलेली माती, वायरचं टोक, उगाच रचल्यासारखे दिसणारे दगड. काही आढळलं नाही, तरच पाय खाली टाकायचा आणि तीच तपासणी 25 मीटरपर्यंत न्यायची. गाडी पुन्हा थांबली की पुन्हा 5 आणि 25.

कुवैतच्या वायव्य वाळवंटात अमेरिकी लष्कराचा कॅम्प ब्युरिंग हा तळ आहे. दोन्ही देशांमध्ये सप्टेंबर 1991 मध्ये संरक्षण करार झाला आणि एकत्र सराव नेमाचा झाला. गाडीभोवतीची ती तपासणी अशाच स्फोटकांच्या सरावातली. या सरावात धमाका ऐकायला मिळेल असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात शिकवलं जातं ते हात आवरणं. संशयास्पद वस्तू दिसली की नवख्याचा हात नकळत पुढे जातो, आणि पाहणाऱ्याची नजर सारखी त्या हाताकडेच वळते. ओळखा, मागे फिरा, कळवा: सामान्य सैनिकाचं काम इथे संपतं. पुढचं काम तीस किलोहून जड पोशाख घालणाऱ्या बाँबनाशक पथकाचं.

ही शिस्त जाचक वाटेल, पण ती का लागते, हे कुवैतमध्ये जीव देऊन कळलं आहे. 11 जुलै 1991 रोजी कुवैतमधल्याच कॅम्प दोहा या अमेरिकी तळावर दारूगोळ्याच्या गाडीला आग लागली आणि तळभर न फुटलेले गोळे विखुरले. ते साफ करताना 23 जुलैला तीन अमेरिकी सैनिक ठार झाले. आखाती युद्ध तर फेब्रुवारीतच संपलं होतं.

त्याआधी कुवैत बळकावणाऱ्या इराकी फौजेने वाळूत लाखो भूसुरुंग पेरले होते. त्यातला इटालियन बनावटीचा व्हीएस-50 जेमतेम तळहाताएवढा, प्लास्टिकचा. धातू इतका कमी की शोधकयंत्रालाही सहज सापडत नाही. हे सुरुंग वेचायला अनेक देशांची पथकं आली. बांगलादेशी सैनिक तर 1991 पासून या कामात आहेत. पण वाळू स्थिर नसते. वारा आज एखादा सुरुंग झाकतो, पुढे कधीतरी पाऊस तोच उघडा पाडतो.

आणि नेमक्या त्या पावसाळी थंडीत लोक तंबू ठोकायला वाळवंटात जातात. कुवैतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. हे प्रशिक्षण फक्त छावणीत राहून चालणार नाही. सहलीला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला ते मिळायला हवं. तोवर एवढं तरी पाळा: अनोळखी वस्तूला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका, आल्या पावलांच्या ठशांवरूनच मागे फिरा आणि 112 ला फोन करा.