ड्युटी संपली, काम संपले नाही: डॉक्टरांच्या तासांचा हिशेब यंत्राने ठेवावा का?

तुर्भे स्टोअर, हनुमान नगर, इंदिरा नगर या वस्त्यांत रात्री लेकरू तापाने फणफणले की आई-बाप रिक्षा करून सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्याकडे धावतात. समोरचा डॉक्टर सकाळपासून उभा आहे का, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. आता त्या खुर्चीत आपल्या वस्तीतली मुलेमुलीही बसू लागली आहेत. आमच्या ओळखीची एक निवासी डॉक्टर म्हणते, "चार्टवर ड्युटी संध्याकाळी संपते. मग डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, नवे पेशंट. खोलीवर गेले तरी वॉर्डाचे फोन चालूच."

नियम काय सांगतो?

निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ साली मर्यादा घालून दिली: आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत मात्र आकडा नाही, कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढेच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. आज आपल्या डॉक्टर मुलांना तीच मर्यादा मिळत नसेल, तर त्याचा पुरावा कुठून आणायचा?

यंत्र कसे मोजते?

मोबाईलमधील जीपीएसच्या मदतीने रुग्णालयाभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण आखतात. डॉक्टर आत आला, बाहेर गेला की वेळ आपोआप नोंदवली जाते. तैवानमध्ये अशा अ‍ॅपने डॉक्टरांचे तास मोजण्याचा प्रयोग झाला आहे. इमारतीच्या आत जीपीएस नीट चालत नाही. तिथे ओळखपत्रातील चिप किंवा वाय-फायवरून डॉक्टर वॉर्डात आहे की शस्त्रक्रियागृहात, हे कळू शकते. चार्टवरची वेळ आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्याची वेळ यांतला फरक म्हणजे न दिसणारे जादा काम.

पण यंत्र जागा सांगते, काम सांगत नाही. रात्री दोनला डॉक्टर आवारात असेल, तर तो पेशंटजवळ होता की वसतिगृहात झोपला होता? घरून घेतलेले फोन तर या हिशेबात येतच नाहीत. म्हणून संगणकावरील नोंदी आणि डॉक्टरांचे स्वतःचे सांगणे जोडल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

नोंद कोणाच्या हातात?

खरा प्रश्न हा आहे. नागपूर, नवी मुंबईसारख्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हेतू होता कामगार जागेवर आहे का, हे पाहण्याचा. त्याने किती जास्त काम केले, हे मोजण्याचा नव्हता. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी मे २०२५ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून हजेरी आली. तिथेही प्रश्न 'आलात का?' एवढाच. 'सुटलात कधी?' हे कोण विचारणार?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची वाट मोकळी ठेवतो. म्हणून अटी आधीच लिहून घ्याव्या लागतील: आवाराबाहेर नोंद बंद, अहवाल नावाने नव्हे, विभागाने, नोंदीची प्रत डॉक्टरकडे, तिच्यावरून पगारकपात नाही. याच अटी परिचारिका, वॉर्डबॉय आणि कंत्राटी सफाई कामगारांनाही लागू व्हाव्यात.

२०१९ साली नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वैद्यकीय शिक्षणातील जातीय छळाचा प्रश्न ऐरणीवर आला. असा छळ ड्युटी वाटपातूनही होऊ शकतो. जादा रात्री कोणाच्या वाट्याला येतात, हे तोंडी सांगितले तर तक्रार खोटी ठरवता येते. तासांची नोंद असेल तर ते सोपे जात नाही.

जीपीएसची वाट पाहण्याचीही गरज नाही. सरकारी आणि पालिका रुग्णालयांचे ड्युटी चार्ट माहिती अधिकारात मागता येतात. नावे नकोत, विभागवार तास पुरेत. आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी एका महिन्याचे चार्ट मागवावेत आणि ४८ च्या आकड्याशी ताडून पाहावेत. थकलेल्या डॉक्टरच्या हातून चूक झाली, तर तिची किंमत तापाने फणफणलेले आपलेच लेकरू मोजते.