कृत्रिम शिशुआहारातील पोषणघटक : एक विवेचन

मातेचे दूध उपलब्ध नसल्यास अर्भकास 'वरचे दूध' देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. तथापि गाईचे दूध निसर्गतः वासरासाठी असते. १०० मि.ली. मातृदुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम, तर गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून अधिक असतात. जादा प्रथिने व क्षार यांच्या उत्सर्जनाचा भार अर्भकाच्या अपक्व मूत्रपिंडांवर पडतो. लोह तर त्यात नगण्यच असते.

त्यामुळे शिशुआहार तयार करताना दुधाची एक प्रकारे फेरमांडणी करावी लागते. गाईच्या दुधात केसीन व निवळीतील प्रथिने यांचे प्रमाण साधारणतः ८०:२० असते, तर मातृदुधात ते ४०:६० च्या आसपास असते. म्हणून त्यात निवळीची भुकटी मिसळतात. दुधातील स्निग्धांशाऐवजी बहुतांशी वनस्पती तेले वापरली जातात. त्यांतून लिनोलिक आम्ल मिळते. दुग्धशर्करा वाढवून लोह, जस्त, आयोडीन व जीवनसत्त्वे घातली जातात. कोडेक्सच्या २००७ मधील सुधारित मानकानुसार १०० मि.ली. तयार आहारात ६० ते ७० किलोकॅलरी ऊर्जा, तसेच दर १०० किलोकॅलरीमागे १.८ ते ३ ग्रॅम प्रथिने व किमान ०.४५ मि.ग्रॅ. लोह असावे लागते. मातृदुधातील जिवंत पेशी मात्र कोणत्याही डब्यात भरता येत नाहीत.

अर्भकाचा हा एकमेव आहार असल्याने एक घटक वगळला गेला तरी तो अन्यत्र कोठूनही मिळत नाही. अमेरिकेत १९७९ साली सोयाबीनयुक्त आहारात क्लोराइड अपुरे पडल्याने अर्भके आजारी पडली व १९८० मध्ये स्वतंत्र कायदा झाला. इस्राएलमध्ये २००३ साली अशाच आहारात थायमिनच्या अभावामुळे अर्भके दगावली. चीनमधील २००८ चे प्रकरण निराळे होते. प्रथिनांचे मापन नत्राच्या प्रमाणावरून होते, हे हेरून पाणी घातलेल्या दुधात नत्रयुक्त मेलामाइन मिसळण्यात आले. तपासणीत प्रथिने पुरेशी दिसली. मुलांना मात्र मूतखडे झाले.

उत्पादकाने प्रमाण अचूक राखले तरी अखेरचे मिश्रण स्वयंपाकघरातच होते. डबा महाग, म्हणून भुकटी पुरवून वापरण्याकडे कल असतो. एका सपाट चमच्यास ३० मि.ली. पाणी सांगितले असता ६० मि.ली. घातल्यास ऊर्जा व प्रथिने जवळजवळ निम्म्यावर येतात. बाळाचे पोट भरल्यासारखे वाटते, ते शांत झोपतेही; उणीव लक्षात येते ती वजनकाट्यावर.