शिक्षकांच्या प्रशिक्षणाची चौकशी पालकांनीही करावी

सर प्रशिक्षणाला गेले, की मस्तगडमध्ये आपण पालक कुरकुर करतो. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण मिळायला हवं. समग्र शिक्षा योजनेत ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. 'दीक्षा' ॲपवर मोबाईलवरूनही कोर्स करता येतात.

खरी अडचण उर्दू माध्यमाची. बालभारतीची पुस्तकं उर्दूत आहेत. प्रशिक्षण मात्र मराठीत झालं, तर सरांनी तिथे 'अपूर्णांक' ऐकायचा आणि वर्गात 'कसर' शिकवायची! शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे विचारू या: यंदा गणित-विज्ञानाचं प्रशिक्षण झालं का, कोणत्या भाषेत? अनुदानित अल्पसंख्याक शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, पण विचारायला कोण अडवतंय?